कालोतिनाचं नाव

थेमेलीसने कागद चार घड्या घालून फादरच्या पुढे धरला. फादर फिलिमोन धक्क्यावर उभे होते. एका हातात चांदीच्या पत्र्याने मढवलेली संत पेलागियाची तसबीर, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत झगा, धूपदाणी, मेणबत्त्या. कागद घ्यायला तिसरा हात नव्हता. त्यांनी तसबीर मारिगोमावशीकडे दिली.

"चार घड्या?" मारिगोमावशी म्हणाली. ती ऐंशीच्या पुढची होती आणि तिला सगळं दिसायचं. "या वयात प्रेमपत्र लिहिलंस का रे, थेमेलीस? आणि तेही फादरना?"

"मावशी, तसबीर सांभाळ," थेमेलीस म्हणाला.

प्रेमपत्र नव्हतं ते. असे कागद त्या सकाळी सगळ्यांनीच दिले होते. वर एक क्रूस काढायचा आणि खाली घरातल्या मेलेल्यांची नावं लिहायची. आठ ऑक्टोबरला, संत पेलागियाच्या दिवशी, गावाबाहेरच्या ओसाड बेटावरच्या छोट्या देवळात प्रार्थना झाली की फादर ती नावं मोठ्याने वाचत. पूर्वी हा सण मच्छीमारांचाच होता. आता गावात मच्छीमार उरले नव्हते, पण मेलेले होते तेवढेच होते, किंबहुना वाढले होते.

फादरनी कागद उलगडला. निकितास, थेमेलीसचा बाप. ख्रिसाफीना, आई. फोतिनी, बायको, तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. आणि सगळ्यात खाली, जरा जास्तच जपून काढलेल्या अक्षरात, कालोतिना.

फादरनी तिथे बोट ठेवलं. "काका, ही कोण?"

"तुम्हाला माहीत आहे."

फादरना माहीत होतं. ते सातच वर्षांपूर्वी शेजारच्या बेटावरून इथे आले होते, पण या गावात सात दिवस राहिलेल्या माणसालाही कालोतिना माहीत होत असे. कॉफीच्या दुकानात तिचा फोटो होता. पुढच्या टोकाला निळी नाळ, मागे पांढरी केबिन, आणि सुकाणूपाशी उभा असलेला, अजून काळ्या केसांचा थेमेलीस.

"होडीचं नाव मृतांच्या यादीत मला वाचता येणार नाही," फादर हळू आवाजात म्हणाले.

"तिला तीर्थ शिंपडून पाण्यात सोडली होती. तुमच्या आधीच्या फादरच्याही आधीच्या फादरनी. मी सात वर्षांचा होतो. मेणबत्ती माझ्याच हातात होती."

"तीर्थ मी ट्रॅक्टरवरही शिंपडतो, काका. मागच्या महिन्यात बेकरीच्या नव्या भट्टीवर शिंपडलं."

"ट्रॅक्टरवर कोणी रात्रभर झोपत नाही. आणि बेकरीतून कोणी वादळात घरी परत येत नाही."

फादरनी दाढी चोळली. ते कठोर माणूस नव्हते. त्यांच्या पंथात फादर लग्न करत, त्यामुळे घरी चार मुलं होती आणि शाळेला सुट्टी असली की ते मुलांना चुकवून देवळात येऊन बसत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण काही बाबतीत त्यांना हलवता येत नसे. "जो कबरीतून पुन्हा उठणार आहे त्याच्यासाठी ही नावं वाचतात. लाकूड उठत नाही. तुम्ही रागवा, पण मी खोटं वाचणार नाही."

थेमेलीस रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त मान हलवली आणि दोरखंड सोडायला गेला.

नऊ वर्षांपूर्वी सरकारची एक योजना आली होती. समुद्रात मासे कमी झाले म्हणून मच्छीमारीचे परवाने परत घ्यायचे, मोबदला द्यायचा, आणि ज्याने परवाना परत केला त्याची होडी मोडून टाकायची. विकायची नाही, कोणाला द्यायची नाही, किनाऱ्यावर शोभेला ठेवायची नाही, मोडायची. थेमेलीसचा खुबा गेला होता, जाळ्यात दिवसेंदिवस समुद्री गवताशिवाय काही येत नव्हतं, आणि त्याने सही केली. कॉफीच्या दुकानात त्याने सांगितलं, "तसाही तळ कुजलाच होता." लोकांनी माना डोलावल्या. नंतर कोणी पाहुण्याने विचारलं तरी तो तेच सांगे, तळ कुजला होता.

मोबदल्यात बँकेचं कर्ज घालून त्याच्या मुलीने, सेवस्तीने, ही पांढरी कॅटामरान, दोन तळांची शिडाची होडी, घेतली. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत ती पाहुण्यांना दिवसभराच्या सफरीवर नेई. थेमेलीस तिच्यासोबत असे. तो शेगडीवर ऑक्टोपस भाजे, काटेरी सी-अर्चिन सुरीने उघडून दाखवी, आणि सेवस्ती पाहुण्यांना इंग्रजीत सांगे की माझे वडील पन्नास वर्षं मच्छीमार होते. मग लोक त्याच्या हातांचे फोटो काढत. तो हात पुढे करी. त्याला ते आवडत नसे आणि नावडतही नसे. कॅटामरानवर त्याचा एवढाच आक्षेप होता की ती कलत नाही. दोन पायांवर टेबलासारखी उभी राहते. जी होडी कलत नाही ती माणसाला काही सांगत नाही, असं तो म्हणे, आणि सेवस्ती म्हणे, "म्हणूनच बाबा, त्यांना उलट्या होत नाहीत आणि ते पुढच्या वर्षी परत येतात."

संतांची तसबीर बेटावर नेण्याचं काम दरवर्षी ज्या शेवटच्या लाकडी होडीकडे होतं, तिचा मालक वसंतात अंथरुणाला खिळला. तेव्हा सेवस्ती आपणहून म्हणाली, माझ्यावरून न्या. हंगामातली शेवटची सफर त्याच दिवशी होती आणि सहा डॅनिश पाहुण्यांनी आधीच जागा घेतल्या होत्या. तिने त्यांना कळवलं की वाटेत एका देवळापाशी थांबू, खांदे झाकायला काही आणा. म्हणून आता पुढे दोन तळांमध्ये ताणलेल्या जाळीवर सहा उंच माणसं शर्टांची वरची बटणंसुद्धा लावून बसली होती, आणि मागच्या टेबलावर, जिथे रोज खरबुजाच्या फोडी मांडत, तिथे तसबीर टेकवून तिच्याभोवती गावातल्या नऊ जणी आणि फादर.

"हिला आवाजच नाही," मारिगोमावशी म्हणाली. इंजिन बंद करून सेवस्तीने शीड उभारलं होतं. "आपण चाललोय की थांबलोय?"

"चाललोय, मावशी."

"मला तर वाटतं स्वयंपाकघरात बसलेय."

समुद्र सपाट होता, ऑक्टोबरात असतो तसा, निळ्याहून जास्त राखाडी. थेमेलीस सुकाणूच्या चाकामागच्या बाकावर बसला. सेवस्तीने बापाकडे पाहिलं. ती अडतीस वर्षांची होती, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी.

"फादर काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"तुम्ही खरंच लिहिलंत?"

"लिहिलं."

तिने चाक किंचित वळवलं. मग एक डॅनिश बाई मागे आली. पिकलेले आखूड केस, गळ्याभोवती कोणाकडून तरी मागून घेतलेली ओढणी. तिने विचारलं, यांची स्वतःची होडी कुठे आहे? सेवस्तीने प्रश्न बापाला सांगितला.

"सांग तिला, तळ कुजला."

सेवस्तीने सांगितलं. नेहमीसारखंच, जरा खालच्या आवाजात, चाकावरचे हात न हलवता. थेमेलीसला ते ऐकू आलं. हे वाक्य सांगताना मुलीचा आवाज खाली जातो, हे त्याला पूर्वीही जाणवलं होतं. त्याने कारण कधी विचारलं नव्हतं.

बेटाला तीन फेऱ्या घालायची रीत होती. डॅनिश बाईने विचारलं, तीनच का? थेमेलीस म्हणाला, "दोन कमी पडतात आणि चार जास्त होतात." सेवस्तीने तेही सांगितलं आणि बाई हसली. तिसऱ्या फेरीनंतर नांगर टाकायची वेळ आली तेव्हा सेवस्ती पडद्यावरचे आकडे बघत होती आणि थेमेलीस किनाऱ्याकडे.

"देवळाच्या घंटेची कमान फुटक्या खडकाच्या मागे जाऊ दे," तो म्हणाला. "अजून. अजून थोडी. आता टाक. इथे वाळू आहे. दहा हात पुढे गेलीस तर नांगर खडकात अडकेल."

"पडद्यावर पुढेही वाळूच दाखवतंय."

"पडद्याने इथे कधी नांगर गमावलाय का?"

तिने तिथेच टाकला. साखळी खडखडत गेली आणि नांगर पहिल्याच खेपेला रुतला. बापाने हे ठिकाण त्याला कालोतिनाच्या नाळेवर उभं करून शिकवलं होतं, पाठीवर हात ठेवून, डोकं दोन्ही हातांत धरून योग्य त्या खडकाकडे वळवून. ते शिकवणं अजून जिवंत होतं. जिच्या नाळेवर तो शिकला ती होडी नव्हती.

रबरी होडीतून चार खेपा झाल्या. मारिगोमावशीला दोघांनी धरून उतरवलं. "ही होडी की गादी?" ती म्हणाली, आणि तसबीर छातीशी धरून बसली.

देऊळ एवढंसं होतं की फादर, तसबीर आणि चार जणी आत गेल्यावर बाकीच्यांना दारात उभं राहावं लागलं. पाहुणे त्यांच्याही मागे, हातात पेटत्या मेणबत्त्या घेऊन, वाऱ्यापासून ज्योतीला तळहाताचा आडोसा करून. थेमेलीस दाराच्या आत, डाव्या भिंतीशी उभा राहिला. ती जागा त्याने मुद्दाम निवडली नव्हती, पण तिथून ती फळी दिसे. फळीवर गावच्या बुडालेल्या होड्यांची नावं होती. अकरा नावं, तांबड्या रंगात, वेगवेगळ्या हातांची. पहिलं त्याच्या पणजोबाच्या काळातलं. कालोतिनाचं नाव तिथे कधीच लागणार नव्हतं, कारण ती बुडाली नव्हती. छप्पन्न वर्षांत तिने एकदाही तसं काही केलं नाही. बुडाली असती तर तिला जागा होती. जिला तिच्या माणसाने सही करून मोडू दिलं, तिच्यासाठी गावात फळी नव्हती. म्हणून त्याने कागदावर लिहिलं होतं. त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं.

प्रार्थना झाली. कागद वाचायला सुरुवात झाली. फादरचा आवाज भरदार होता, एकेका घराची माणसं एकामागून एक येऊन जात होती, आणि नाव आलं की त्या त्या घरची बाई छातीवर क्रूस करत होती. मग फादरनी चार घड्यांचा कागद उचलला.

"निकितास. ख्रिसाफीना. फोतिनी."

आणि ते थांबले.

एका श्वासाएवढेच थांबले असतील. दारातली मेणबत्ती एकदा फडफडली. थेमेलीसला वाटलं, आता. किंवा आता आपणच म्हणावं. त्याचं तोंड उघडलंसुद्धा. पण आवाज आला नाही, आणि फादरनी कागद खाली ठेवून पुढचा घेतला.

बेटावर सावली नव्हती, म्हणून नावं वाचून झाल्यावरची मयताची कॉफी कॅटामरानवरच द्यायची ठरली होती. सेवस्तीने बिनसाखरेची कॉफी छोट्या कपांतून फिरवली, बरोबर प्रत्येकाला बोटभर ब्रँडी आणि कडक टोस्ट. मारिगोमावशीने शिजवलेल्या गव्हाचा प्रसाद कागदी पुड्यांतून वाटला, वर साखर, डाळिंबाचे दाणे, बदाम. पाहुण्यांनाही दिला. एकाने तो नाश्ता समजून दुसरी पुडी मागितली आणि मावशीने दिली. "खा बाबा," ती म्हणाली. "आमच्याकडे मेलेले पुष्कळ आहेत."

थेमेलीस नाळेकडे तोंड करून बसला होता. कॉफीचा कप त्याच्या हातात तसाच होता.

मयताच्या कॉफीला गावात एक प्रश्न विचारतात. मेलेल्याचं वय, आजार, हे सगळं आधीच सर्वांना माहीत असतं. विचारतात ते एवढंच की शेवटी जवळ कोण होतं. मग जो जवळ होता तो सांगतो, कसं झालं, शेवटचं पाणी कोणी दिलं, काय बोलणं झालं. ते ऐकल्यावर लोक घरी जातात. हा प्रश्न बहुधा सगळ्यात म्हातारी बाई विचारते.

"थेमेलीस," मारिगोमावशी म्हणाली. "कालोतिनाच्या शेवटी जवळ कोण होतं?"

फादरनी मान वर केली. "मावशी, मी सकाळी सांगितलं—"

"तुम्ही वाचू नका म्हणालात, नाही वाचलं. मी वाचत नाहीये, फादर. मी विचारतेय. मला या पोराशी बोलायलाही तुमची परवानगी लागते का?"

फादरनी कॉफीचा घोट घेतला.

बहात्तर वर्षांच्या पोराने कप खाली ठेवला. "कोणी नव्हतं," तो म्हणाला. "मी नव्हतो. मी कॉफीच्या दुकानात होतो. मागच्या खोलीत, रेडिओच्या जवळ. सकाळी आठला गेलो आणि दुपारी निघालो. जनावर कापायला दिलं तरी माणूस तिथे उभा राहतो. मी नव्हतो."

हे त्याने नऊ वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. दुकानात त्याला सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे सांगायची गरजच नव्हती. पण सांगणं वेगळं होतं.

"मी होते," सेवस्ती म्हणाली.

तिच्या हातात ब्रँडीची बाटली होती. ती तिने टेबलावर ठेवली आणि ओले हात पँटला पुसले.

"तू शाळेत होतीस," थेमेलीस म्हणाला. तेव्हा ती शाळेच्या कचेरीत काम करत असे.

"निरोप पाठवला की बरं वाटत नाही. मी किनाऱ्यावर, होड्या ओढायच्या उतारावर उभी होते, सुरुवातीपासून."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

डॅनिश पाहुण्यांनाही काहीतरी कळलं असावं, कारण ते पुढच्या जाळीवर जायला निघाले होते ते थांबले.

"त्या दिवशी तीन होड्या होत्या," ती सांगू लागली. "आपली शेवटची. होड्या मोडायच्या मशीनचा ड्रायव्हर बाहेरगावचा होता. त्याने सुरू करण्याआधी टोपी काढली आणि क्रूस केला. पहिल्या दोन पटकन गेल्या, पेट्या मोडाव्यात तशा. मग त्याने आपल्या केबिनवर मारलं, केबिन गेली. मग बाजूवर मारलं. फळ्या आत गेल्या पण तुटल्या नाहीत, त्याने पंजा उचलला की परत बाहेर यायच्या. तीनदा झालं तसं. मग तो वळून नाळेकडून आला. तेव्हा वास आला."

"कसला वास?" मारिगोमावशीने विचारलं.

"पाइनचा. डिंकाचा. छप्पन्न वर्षांचं लाकूड, मावशी, आणि सगळा उतार वासाने भरला, काल जंगलातून आणल्यासारखा. आत पिवळं धमक होतं. ड्रायव्हरने मशीन बंद केलं आणि खाली उतरला. फळीचा एक तुकडा हातात घेऊन बघत राहिला. मला म्हणाला, ही तुमची का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, ही अजून तितकीच वर्षं चालली असती." ती थांबली. मग बापाकडे बघून म्हणाली, "तळ कुजला नव्हता, बाबा."

थेमेलीसच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. होडीवरचं सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं, किंवा मुद्दाम बघत नव्हतं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मीच तळ खरवडला होता. सुरी आत जात नव्हती. मला माहीत होतं. मी दमलो होतो एवढंच. दमलो होतो हे सांगायची लाज वाटली."

"मला वाटायचं, हे सांगितलं तर तुम्ही मोडून पडाल. म्हणून नाही सांगितलं."

"मग पुढे?"

"पुढे काय?"

"कणा. कणा कसा गेला?"

"कणा गेला नाही," सेवस्ती म्हणाली. "शेवटी त्याने तो अख्खा उचलून गाडीत टाकला. एकटा कणा, तळाचं ते एकच लांब लाकूड. गाडीच्या मागे इतका बाहेर आला होता की त्याला लाल फडकं बांधावं लागलं. फडकं माझ्या डोक्याचं होतं. मी गाडीमागून वळणापर्यंत चालत गेले."

"वळणापर्यंत."

"हो."

"मी तेव्हा दुकानात होतो."

"माहीत आहे. तिथून जाताना तुमची पाठ दिसली. मला तेव्हा तुमचा राग आला होता, बाबा. खूप दिवस होता. मग आई आजारी पडली आणि रागाला वेळ मिळाला नाही."

थेमेलीसने मान खाली घातली. त्याचे खांदे दोनदा हलले आणि मग शांत झाले. त्याच्या बाजूला बसलेल्या बाईने त्याच्या हातात कॉफीचा कप परत दिला. कॉफी थंड झाली होती. त्याने ती प्यायली, तळाच्या गाळापर्यंत.

मारिगोमावशी उठली. कॅटामरान स्थिर होती तरी तिने दोन्ही हातांनी कठडा धरला. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि जे फक्त मयताच्या घरच्यांना म्हणतात ते म्हणाली, "तुझ्या वाट्याला आयुष्य येवो, थेमेलीस."

तिच्या मागे दुसरी आली, तिच्या मागे तिसरी. प्रत्येकीने हात हातात घेऊन तेच वाक्य म्हटलं, आधी त्याला, मग सेवस्तीला. डॅनिश बाईला शब्द येत नव्हते. ती रांगेत आली, नुसता हात धरला आणि गेली.

फादर फिलिमोन बाकावरच बसून होते. त्यांनी ते वाक्य म्हटलं नाही. त्यांना म्हणता येत नव्हतं आणि थेमेलीसने तशी अपेक्षाही केली नाही. पण ते उठून गेले नाहीत. त्यांनी टेबलावरची बाटली उचलली, थेमेलीसच्या रिकाम्या पेल्यात ओतली, मग स्वतःच्या, आणि कोणाच्या नावाने ते न सांगता पेला ओठाला लावला.

"फादर," थेमेलीस म्हणाला. "तो कागद मला परत द्या. तिघांच्या नावांचा मी तुम्हाला दुसरा लिहून देतो."

फादरनी खिशातून कागद काढला. "खाडाखोड करणार?"

"नाही. हा घरी ठेवतो."

वारा सुटायला लागला होता. सेवस्ती नांगर उचलायला पुढे गेली, आणि थेमेलीस तिच्या मागोमाग गेला, साखळी धरायला.